शिर सलामत

'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो गृहस्थ पगडीची किंमत जाणणारा असला पाहिजे. एखाद्याची पगडी वाटेत लुटली गेली असेल, पुरात वाहून गेली असेल, आणि तो बिचारा कपाळाला हात लावून बसला असेल. त्याला याने दिलासा दिला : अरे, ते कपाळ जागेवर आहे ना? मग पगड्यांना काय तोटा! आपल्या भाषेत डोक्याला मान मोठा. आपण आवडत्या माणसाला डोक्यावर घेतो, नावडता आपल्या डोक्यावर मिरे वाटतो, वाण्याचा हिशेब डोक्यात ठेवतो, आणि अगदीच असह्य झाले म्हणजे समोरच्याला 'बाबा रे, डोके खाऊ नकोस' अशी विनवणी करतो. एवढ्या कामाच्या वस्तूला जपले पाहिजे हे सांगायला खरे तर म्हणीचीही गरज नाही.

पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पगडी उत्तम मिळाली म्हणून कोणी डोके भिंतीवर आपटून पाहणार नाही, असे ते गृहीत. मी अमेरिकेत एक खेळ पाहिला आणि हे गृहीत डळमळले. तिथे पगडी इतकी मजबूत झाली की शिराची चिंता करण्याचे कारणच उरले नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या लोकांना वाटत राहिले.

माझी लेक पिट्सबर्गला असते. २०२२ सालच्या पावसाळ्याअखेरीस मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेले. आपल्या कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे, तसा त्या गावात अ‍ॅलेगेनी आणि मोनाँगहेला या नद्यांचा संगम आहे. दोघी मिळून तिथून ओहायो या नावाने पुढे जातात. ही नावे माझ्या जिभेवर बसायला महिना लागला. संगमाच्या ऐन समोर, आपल्याकडे जिथे घाट आणि देऊळ असते तिथे, त्या गावाने फुटबॉलचे प्रचंड मैदान बांधले आहे. सामन्याच्या दिवशी साठ-पासष्ट हजार माणसे हातात पिवळा टॉवेल घेऊन जातात आणि तो डोक्यावर गरगरा फिरवतात. लांबून पाहिले तर जेजुरीला भंडारा उधळला आहे असे वाटावे. १९७५ साली मायरन कोप नावाच्या आकाशवाणीवरच्या निवेदकाने ही टॉवेलाची कल्पना काढली, आणि १९९६ साली तिचे सारे हक्क त्याने अपंग-मतिमंदांचा सांभाळ करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. हे ऐकले तेव्हा त्या पिवळ्या फडक्याविषयी मला आदरच वाटला.

हा फुटबॉल आपला नव्हे, बरे का! आपल्या फुटबॉलला ते 'सॉकर' म्हणतात. त्यांच्या फुटबॉलात पाय चेंडूला क्वचितच लागतो. चेंडूही गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता, एखाद्या मोठ्या फणसाच्या आठळीसारखा. आमच्या जावईबापूंनी मला जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे मांडून खेळ समजावून दिला. अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. नेलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. समोरासमोर दोन रांगा वाकून बसतात. इशारा झाला की एकमेकींवर आदळतात. चेंडू कुठेही गेला, तरी ही आदळाआदळ प्रत्येक डावाला होतेच. "आई, बुद्धिबळासारखाच डाव आहे हा," जावईबापू म्हणाले, "फक्त प्यादी शंभर-सव्वाशे किलोची."

आमचा नातू त्या वर्षी नववीत होता. उंची बापाच्या वर गेलेली, अंग भरलेले, स्वभाव मात्र शेळीचा. त्याला शाळेच्या संघात त्या रांगेत घेतले होते. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून असा कायदा आहे की मुलाने मैदानावर उतरण्यापूर्वी त्याने आणि पालकाने डोक्याच्या दुखापतीविषयीचा माहितीपत्रक वाचून सही करायची. डोके गरगरले, मळमळले, उजेड सहन होईनासा झाला, विसरायला झाले, तर खेळ तिथेच थांबवायचा आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परतायचे नाही. लेकीने ते पत्रक मला वाचून दाखवले. मी म्हटले, "एवढे लिहून घ्यावे लागते, तो खेळ कसला?" ती म्हणाली, "आई, त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं." पण हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

मी पुण्याची. हेल्मेट या वस्तूशी पुणेकरांचे भांडण जगजाहीर आहे. मी मात्र त्या भांडणात कधी पडले नाही. स्कूटरवरचा माणूस पडला तर हेल्मेट त्याला वाचवते, यात वादाला जागा नाही. परंतु स्कूटरवाल्याचे हेल्मेट हे जन्मात एकदा, तेही न व्हावे अशा प्रसंगासाठी असते. फुटबॉलवाल्याचे हेल्मेट रोजच्या टकरीसाठी असते. पहिला ते घालतो टक्कर चुकवता आली नाही तर म्हणून. दुसरा घालतो टक्कर मारता यावी म्हणून. हा फरक माझ्या ध्यानात आला आणि मग त्या खेळाचा इतिहास वाचल्याशिवाय मला राहवेना. लेकीच्या घराजवळचे वाचनालय उत्तम होते, आणि म्हातारीला वेळ भरपूर होता.

१८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत झालेला सामना हा या खेळाचा आरंभ मानतात. पुढे तो इतका दांडगाईचा झाला की १९०५ च्या एका हंगामात वर्तमानपत्रांनी मोजलेल्या मृत्यूंचा आकडा अठरा-एकोणीस होता. बहुतेक सारी शाळा-कॉलेजातली पोरे. तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः मर्दानी खेळांचे मोठे भोक्ते. त्यांनी ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले आणि खेळ सुधारा असे बजावले. दुसऱ्याच वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, त्यामुळे मुलांचा घोळका एकाच जागी चेंगरण्याऐवजी मैदानभर पांगला. म्हणजे नियम बदलला तर खेळ मरत नाही, उलट देखणा होतो, हे त्या लोकांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच अनुभवलेले आहे.

मग हेल्मेट आले. प्रथम चामड्याची मऊ टोपी होती. १९३९ साली शिकागोच्या रिडेल कंपनीने प्लॅस्टिकचे टणक हेल्मेट काढले, १९४३ पासून व्यावसायिक संघांना हेल्मेट सक्तीचे झाले, आणि पुढे तोंडासमोर जाळीही आली. आता नाक फुटण्याचे भय उरले नाही. मग खेळाडू काय करू लागले? डोके खाली घालून, एडक्यासारखे, हेल्मेटच समोरच्यावर हाणू लागले. शिक्षकही तसेच शिकवू लागले. १९६८ साली या खेळात थेट इजा होऊन ३६ जण दगावले, बहुतेक डोक्याच्या आणि मानेच्या इजेने. तेव्हा लोक जागे झाले. हेल्मेटची कसोटी ठरवणारी संस्था निघाली, आणि १९७६ साली डोक्याने पहिली धडक मारण्यास शाळा-महाविद्यालयांत बंदी झाली. १९९० साली, १९३१ पासूनच्या नोंदींत प्रथमच, थेट खेळातल्या इजेने एकही मृत्यू झाला नाही. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी संध्याकाळी जावईबापूंना शिरा करून घातला.

पण तो आनंद फार टिकला नाही. हेल्मेटने कवटी वाचली होती; आतल्याचे काय?

दिवाळीत परदेशातल्या लेकीला चकल्यांचा डबा पाठवण्याचा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांवर आला असेल. आपण चांगला जाड पत्र्याचा डबा घेतो, झाकण चिकटपट्टीने बंद करतो. डबा सातासमुद्रापलीकडे पोचतो, त्याला पोचासुद्धा आलेला नसतो, आणि उघडून पाहावे तर आत चकल्यांचा चुरा! डब्याला कोणी दोष देऊ शकत नाही. त्याने आपले काम केले. धक्का बसला तेव्हा डबा थांबला, पण चकल्या थांबल्या नाहीत. मेंदू हा चकलीहून कितीतरी मऊ, आणि तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके वेगाने जाऊन एकदम थांबले, किंवा गर्रकन वळले, की आतला मेंदू मागून येऊन हिसका खातो, पिळवटला जातो. डोक्यावर बाहेरून कितीही जाड टोप घाला, आतला हिसका त्याने थोडाफार कमी होतो, नाहीसा होत नाही. अशा वेळी डोक्याचे चित्र काढले तर तेही बहुधा निर्दोष येते.

वारंवार मार खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांना पुढे बरळण्याची, झोकांड्या खाण्याची व्याधी जडते, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टराने १९२८ सालीच लिहून ठेवले होते. पण ती गोष्ट मुष्टियुद्धापुरतीच आहे अशी सगळ्यांनी सोयीची समजूत करून घेतली होती. ती समजूत मोडली ती याच पिट्सबर्ग गावात.

माइक वेब्स्टर हा इथल्या स्टीलर्स संघाचा 'सेंटर', म्हणजे रांगेच्या मधोमध बसून चेंडू मागे देणारा आणि तत्क्षणी समोरच्यावर आदळणारा गडी. १९७४ पासून तो १७ हंगाम खेळला, त्यांतले पहिले १५ याच गावासाठी. संघाने चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा मध्यभागी तो होता. पुढे त्याची स्मृती गेली, संसार मोडला, पैसा कुठे गेला ते त्यालाच सांगता येईना. काही दिवस तो आपल्या गाडीतच झोपत असे. २००२ च्या सप्टेंबरात, वयाच्या ५० व्या वर्षी, तो हृदयविकाराने गेला. त्याचे शवविच्छेदन ज्याच्याकडे आले तो डॉक्टर बेनेट ओमालू मूळचा नायजेरियाचा. फुटबॉल म्हणजे काय हे त्याला धड ठाऊक नव्हते, वेब्स्टर कोण हेही नाही. मेंदू बाहेरून नेहमीसारखाच दिसत होता. दुसरा कोणी असता तर तिथेच कागद मिटला असता. ओमालूने मेंदूचे बारीक काप करवून घेतले, स्वतःच्या खिशातून पैसे भरले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर 'टाउ' नावाच्या प्रथिनाचे डाग जागोजागी साचलेले.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. गावातल्या प्रत्येक घरात त्या खेळाडूचे चित्र होते. त्याच्याविषयी ज्याला काहीच माहीत नव्हते अशा परक्या माणसालाच त्याच्या डोक्यात डोकावून पाहावेसे वाटले. ज्याला टॉवेल फिरवायचा नव्हता त्याचे हात मोकळे होते. २००५ साली त्याने आपला निबंध छापला. तेव्हा व्यावसायिक फुटबॉलच्या संघटनेने नेमलेल्या डॉक्टरांनी तो मागे घ्या अशी मागणी केली. निबंध मागे घेतला गेला नाही. पण या खेळाचा त्या व्याधीशी संबंध आहे, असे संघटनेच्या जबाबदार अधिकाऱ्याने उघडपणे मान्य करायला २०१६ साल उजाडावे लागले. त्याआधी साडेचार हजारांवर माजी खेळाडू न्यायालयात गेले होते. २०१३ साली साडेशहात्तर कोटी डॉलरचा समेट ठरला. पुढे मर्यादा काढली गेली आणि भरपाई एक अब्जाच्या वर गेली. त्या भरपाईतही एक मेख होती. काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती असे धरून हिशेब करण्याची रीत त्यात शिरली होती, त्यामुळे त्यांचे नुकसान कागदावर कमी दिसे. ती रीत बंद करण्याचे २०२१ साली कबूल करावे लागले. डोक्यावर घेतलेल्या माणसांच्या डोक्याची ही किंमत!

आता भीती घालायची तर अर्धे सांगून घालता येते, म्हणून उरलेलेही सांगते. बॉस्टन विद्यापीठात अ‍ॅन मकी यांच्या हाताखाली मृत खेळाडूंचे मेंदू तपासण्याचे मोठे काम झाले आहे. २०१७ साली त्यांनी २०२ मेंदूंचा अहवाल दिला. व्यावसायिक खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये ही व्याधी होती. पण शाळेपुरतेच खेळलेल्या १४ जणांपैकी ती तिघांतच होती, आणि तीही सौम्य. शिवाय हे मेंदू ज्यांनी दिले, त्या कुटुंबांना आधीच शंका आलेली होती. सगळ्या खेळाडूंचे प्रमाण यावरून काढता येत नाही, हे संशोधकांनी स्वतःच सांगितले आहे. जिवंतपणी या व्याधीचे निश्चित निदान आजही करता येत नाही. म्हणजे आईबापांनी सही करायची ती अशा पत्रकावर, ज्याचा शेवटचा परिच्छेद चाळीस वर्षांनी लिहिला जाणार आहे.

आमच्या घरी याचा निवाडा पुस्तकांतून झाला नाही. सप्टेंबर संपत आला होता. गुरुवारी रात्री आम्ही सगळे दूरदर्शन संचापुढे बसलो होतो. मायामी संघाचा टुआ टॅगोवायलोआ हा तरुण खेळाडू सिनसिनाटीत खेळत होता. चारच दिवसांपूर्वीच्या सामन्यात त्याचे डोके जमिनीवर आपटले होते, उठताना त्याने झोकांडी खाल्ली होती, तरी उत्तरार्धात तो खेळला होता. पाठ दुखावली आहे असे सांगण्यात आले होते. त्या रात्री त्याला एका धिप्पाड गड्याने गरकन फिरवून खाली टाकले. तो उताणा पडला आणि त्याच्या हातांची बोटे वेडीवाकडी ताठून राहिली. स्ट्रेचरवरून त्याला नेले. मैदान चिडीचूप झाले. आमच्या दिवाणखान्यातही कोणी बोलेना. नातू उठून आपल्या खोलीत गेला.

थोड्या वेळाने मी दूध घेऊन गेले. दिवा बंद करून तो अंधारात बसला होता.

"आजी, एक सांगू? पण आईला सांगायचं नाही."

"काय झालं रे बाळा?"

"माझं डोकं दुखतंय. सोमवारपासून. मॅचमध्ये लागलं होतं. वाचताना अक्षरं हलतात."

"मग कोणाला बोलला का नाहीस?"

"मला बसवतील. माझी जागा दुसऱ्याला देतील. आणि सगळ्यांनाच लागतं, आजी. कोणी सांगत नाही."

त्या घरात मराठी ही माझी आणि त्याची खाजगी भाषा होती. बाहेरच्या कोणापुढे बोलायचे नसले की तो माझ्याशी मराठीत बोले. त्या विश्वासाचेच त्याने मला ओझे दिले होते. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला, दूध प्यायला लावले, आणि तिथेच त्याला सांगितले, "हे मी आईला सांगणार आहे. तुझ्या मागे नव्हे, तुझ्यासमोर." तो खूप रागावला. पण मी सांगितले. मुलांच्या मेंदूवर एक आघात बरा होण्यापूर्वी दुसरा झाला तर प्रसंग जिवावर बेततो, हे मी वाचले होते. आणि पुढचा सामना चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला तपासले. एका पायावर उभे केले, आकडे उलटे म्हणायला लावले, वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे म्हणायला लावले. ऑगस्टपाशी तो अडकला. खेळ बंद, काही दिवस अभ्यासही बेताचा, मग पायरी-पायरीने चालणे, धावणे, असे ठरले. घरी आल्यावर मी त्याला हसवावे म्हणून म्हटले, "आता फाल्गुनापासून मागे म्हण पाहू." तो इंग्रजीत म्हणाला की हे मला डोके ठीक असतानाही येत नाही. पुढचे तीन आठवडे तो माझ्याशी इंग्रजीतच बोलला. माझे काही अडले नाही, पण शिक्षा म्हणून तो उपाय जालीम होता. त्याच महिन्यात व्यावसायिक संघटनेने नियम बदलला : कारण काहीही सांगा, पण तोल गेलेला दिसला त्या खेळाडूने पुन्हा उतरायचे नाही. मी ते वर्तमानपत्र त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने ते उचलून घेतले आणि त्याखालची वही काढली.

जावईबापूंची बाजू मी सांगितली नाही तर अन्याय होईल. ते त्या गावी आले तेव्हा एकटे होते. "आई, सोमवारी सकाळी ऑफिसात मला माणसांत घेतलं ते या खेळानं," ते म्हणाले. "रविवारच्या सामन्यावर चार वाक्यं बोलता आली, आणि मी परका राहिलो नाही. याला ते आयतं मिळतंय." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोनाँगहेलाच्या काठचे पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ साली थंडावला. गावे ओस झाली, पण शुक्रवार रात्रीचा शाळेचा सामना टिकला. जो मोंटाना, डॅन मरिनो यांच्यासारखे खेळाडू याच मुलखातले. सामन्याला आजोबा, नातू, बँड, भाजलेल्या मक्याचा वास, सगळे असते. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा ओरडून ओरडून माझा घसा बसला. असे काही आपल्या मुलापासून हिरावून घेणे सोपे नसते.

नातवाच्या रांगेत मध्यभागी त्याचा जिवलग मित्र खेळायचा. वेब्स्टरची ती जागा. त्या मुलाची आई एकटीने घर चालवते, इस्पितळात रात्रपाळी करते. मुलगा चांगला खेळला तर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल, नाही तर कर्ज. हा त्यांचा हिशेब. आमच्याकडे जेवायला आला की तो वरण-भात तीनदा घेई. आमच्या नातवाला खेळ सोडण्याची चैन परवडत होती. या मुलाला ती परवडत नव्हती.

२०२३ च्या उन्हाळ्यात पुढल्या हंगामाचे पत्रक आले. मी तोवर पुण्याला परतले होते, पण फोन रोजचा होता. त्याच जूनमध्ये ६३१ मेंदूंवरचे नवे संशोधन छापून आले होते. बेशुद्ध पडण्याइतके मोठे आघात किती झाले, यापेक्षा वर्षानुवर्षे बसलेल्या लहानमोठ्या साऱ्या दणक्यांचा साठा किती, यावर ही व्याधी अवलंबून असते, असे त्यात दिसले. माझी लेक शहाणी. तिने मुलाला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. सामन्यांचे चित्रण खेळाडूंना घरी पाहायला मिळते. ती म्हणाली, "तुझाच एक सामना लाव. तुझ्या डोक्याला किती वेळा धक्का बसतो ते तू मोज. मी विचारणार नाही. मोजून झाल्यावर तू सांग, मी सही करीन किंवा करणार नाही."

त्याने एका संध्याकाळी मोजायला सुरुवात केली. चाळीसच्या पुढे गेल्यावर त्याने संच बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याने बापाला विचारले, "बाबा, सराव तर रोज असतो. तो धरायचा का?" जावईबापूंनी उत्तर दिले नाही. त्यांनीच तो कागद घडी करून कपाटात ठेवला, असे लेकीने मला सांगितले. त्यानंतर त्यांनी आयव्ही लीगच्या विद्यापीठांची गोष्ट शोधून काढली : तिथे २०१६ पासून हंगामातल्या सरावात एकमेकांना आदळून पाडणे बंद केले आहे, आणि तरीही सामने रंगतात. त्यांनी शाळेच्या पालकसभेत हे मांडले. सरावातल्या टकरी कमी कराव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते. थोडे लोक रागावले, थोड्यांनी मान डोलावली, आणि आठवड्यातला टकरींचा एक दिवस कमी झाला. खेळावर ज्याचे प्रेम आहे त्याचे ऐकले जाते. मी बोलले असते तर म्हातारी घाबरट आहे असे म्हणून सोडून दिले असते.

आमच्या नातवाला खेळ सोडल्याचे सुख झाले, असे मी लिहिणार नाही. जेवणाच्या सुट्टीत ज्या टेबलावर तो बसायचा ते टेबल आपोआप भरून गेले. शुक्रवारी रात्री तो मैदानावर जायचा, पण कठड्याच्या अलीकडे. एकदा फोनवर मला म्हणाला, "आजी, बरोबर केलं असं सगळे म्हणतात. मग वाईट का वाटतं?" मी म्हटले, "बरोबर केलं की वाईट वाटत नाही, असं कोणी सांगितलं तुला?" तो मराठीत बोलत होता, एवढ्यावर मी समाधान मानले.

२०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये याच खेळाचा एक सौम्य भाऊ येणार आहे. त्यात कमरेला फडकी लावतात. फडके ओढले की गडी बाद. आदळायचे नाही. आपल्या हुतूतूइतकाही त्यात जोर नाही, असे काही जुने खेळाडू हसून म्हणतात. हसू देत. १९०६ साली चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली तेव्हाही काही जण असेच हसले असतील.

यंदा, २०२५ साली, दोघेही मित्र बारावीत आहेत. नातवाचा मित्र अजून सेंटर खेळतो. त्याला दोन कॉलेजांची पत्रे आली आहेत, आणि त्याच्या आईने ती स्वयंपाकघरात भिंतीवर लावली आहेत. नातू दर शनिवारी सकाळी त्याच्याकडे जातो आणि विचारतो, काल काय झाले, झोप लागली का, उजेड टोचतो का. सुरुवातीला तो मुलगा चिडायचा. आता खरे सांगतो. एकदा त्याने सांगितले की डोके जड आहे. नातवाने त्याच्यासमोरच त्याच्या आईला फोन लावला. तीन दिवस त्यांचे बोलणे बंद होते.

दिवाळीच्या फोनवर मी फराळ पोचला का ते विचारले. पोचला होता. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "त्या पोराचं डोकं कसं आहे?"

"आज बरं आहे, आजी," तो म्हणाला. "शनिवारी परत विचारतो."